पानाच्या हिरवेपणावरून नत्राचा अंदाज: फळबागेत स्पॅड मीटर वापरण्याची पद्धत

मीटरचा चिमटा पानावर दाबला, बारीक आवाज झाला आणि पडद्यावर ४८.३ असा आकडा उमटला की नवीन बागायतदार हमखास विचारतो, "म्हणजे नत्र किती टक्के?" या प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यात नसते. ४८.३ ला एकक नाही. पान किती हिरवे आहे याचे ते त्या यंत्राने स्वतःच्या मापात दिलेले मोजमाप आहे. हिरवेपणावरून नत्रापर्यंत पोहोचण्याची वाट आपल्याला आपल्याच बागेत आखावी लागते, आणि ती कशी आखावी हे सांगण्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे मुख्यतः कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या नाशिक जिल्ह्यातील आपल्या कसमादे पट्ट्यातील डाळिंबाची घेतली आहेत. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांना आणि पेठ-सुरगाण्याकडील आंब्याला जेथे वेगळी पद्धत लागते, तेथे तसे सांगितले आहे.

मीटर नेमके काय मोजते

कोनिका मिनोल्टा कंपनीचे स्पॅड-५०२ प्लस हे आपल्याकडे सर्वाधिक ओळखीचे यंत्र. त्याच्या चिमट्यात दोन प्रकारचे प्रकाशदिवे असतात: एक सुमारे ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश देतो, दुसरा सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश देतो. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, अवरक्त प्रकाशाला मात्र ते जवळपास अडवत नाही. म्हणून पानातून आरपार गेलेल्या या दोन प्रकाशांची तुलना केली की पानाच्या जाडीचा परिणाम बऱ्याच अंशी वजा होतो आणि हरितद्रव्याचा अंदाज उरतो. मोजली जाणारी जागा फक्त २ मिलिमीटर बाय ३ मिलिमीटर असते, म्हणजे तांदळाच्या दाण्यापेक्षाही कमी लांबीची. ही गोष्ट पुढे पाने निवडताना सतत ध्यानात ठेवावी लागते.

नत्राचा संबंध असा येतो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू आणि त्याभोवती नत्राचे चार अणू असतात. तरीही पानातील एकूण नत्रापैकी अगदी थोडा वाटाच हरितद्रव्यात असतो. मोठा वाटा प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या प्रथिनांमध्ये असतो, आणि नत्र कमी पडले की प्रथिने व हरितद्रव्य दोन्ही एकत्र उतरतात, म्हणून हिरवेपणावरून नत्राचा माग काढता येतो. वरच्या बाजूला मात्र हा माग तुटतो. झाडाची गरज भागल्यानंतर जादा दिलेले नत्र हरितद्रव्य वाढवत नाही, ते इतर रूपांत साठते आणि मीटरचा आकडा जवळपास स्थिर राहतो. थोडक्यात, मीटर कमतरता दाखवू शकते, अतिरेक सहसा दाखवत नाही. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातील ठिबकवरच्या बागांत अतिरेकच अधिक वेळा आढळतो, म्हणून ही मर्यादा यंत्र विकत घेण्याआधीच माहीत असलेली बरी.

बाजारात याच कामाची इतर यंत्रेही मिळतात, पण प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी असते. शेजाऱ्याच्या वेगळ्या बनावटीच्या मीटरवरचा आकडा आपल्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नये. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने एकच यंत्र घेऊन सर्वांनी तेच वापरणे खर्चालाही परवडते आणि तुलनेलाही सोयीचे पडते.

बागेत जाण्यापूर्वी

यंत्र सुरू केल्यावर चिमट्यात काहीही न ठेवता तो एकदा घट्ट बंद करावा लागतो. यंत्र स्वतःला शून्यावर आणते ते याच वेळी. चिमट्याच्या काचेवर पानाचा चीक किंवा धूळ असेल तर ती मऊ कोरड्या फडक्याने आधी पुसावी. यंत्रासोबत एक तपासणी पट्टी मिळते. हंगामाच्या सुरुवातीला आणि मध्ये एकदा तिचे वाचन घेऊन पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेत ते बसते का, एवढे पाहावे. यंत्राची अचूकता साधारण अधिक-उणे एक इतकी आहे, त्यामुळे दोन प्लॉटमधील एका आकड्याच्या फरकावरून कोणताही निर्णय घेऊ नये.

झाडे निवडणे

एका नोंदीत येणारी सर्व झाडे एकाच वाणाची, एकाच वयाची, एकाच बहाराची (म्हणजे फुले-फळे धरण्याच्या एकाच हंगामाची) आणि एकाच पाणी-पाळीवरची असावीत. कसमाद्यातील बऱ्याच प्लॉटचा वरचा भाग मुरमाड आणि खालचा, ओढ्याकडचा भाग काळ्या जमिनीचा असतो. असा प्लॉट सातबाऱ्यावर एक असला तरी मोजणीसाठी दोन समजावा. प्रत्येक भागात १५ झाडे निवडून त्यांच्या खोडाला रंगाची खूण करावी आणि हंगामभर त्याच झाडांवर मोजणी करावी. बांधालगतच्या ओळी, रस्त्याकडेची धुळीने माखलेली झाडे आणि मर किंवा तेल्या रोग दिसणारी झाडे यात घेऊ नयेत. त्यांच्याकडे वेगळे लक्ष द्यायचेच असते, पण ते या सरासरीत मिसळले की सरासरीला अर्थ राहत नाही.

कोणते पान, कोणती जागा

सर्वाधिक चुका या पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबतो. एकाच फांदीवरच्या शेंड्याच्या कोवळ्या पानाचा, मधल्या पक्व पानाचा आणि बुंध्याकडील जुन्या पानाचा आकडा वेगवेगळा येतो, आणि हा फरक दोन प्लॉटमधील नत्राच्या फरकाहून मोठाही असू शकतो. पानाचे वय आणि जागा बांधून घेतल्याशिवाय केलेली मोजणी वेळ घालवण्यापलीकडे काही देत नाही.

डाळिंबात पाने समोरासमोर जोडीने येतात. पान परीक्षणासाठी शेंड्याकडून मोजत आलेली आठवी जोडी घेण्याची पद्धत रूढ आहे आणि आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत धरलेल्या) एप्रिल, मृग बहारासाठी (जून-जुलैत धरलेल्या) ऑगस्ट हा काळ त्यासाठी सांगितला जातो. मीटरसाठीही हीच जोडी धरावी, म्हणजे पुढे प्रयोगशाळेच्या अहवालाशी मेळ बसवता येतो. डाळिंबाचे पान अरुंद असल्याने चिमटा पानाच्या लांबीच्या मध्यावर, मधली शीर आणि कडा यांच्यामध्ये बसवावा लागतो. मधली शीर खिडकीत, म्हणजे चिमट्यातील मोजणीच्या छोट्या जागेत, आली तर आकडा चुकतो. खिडकी पूर्ण भरण्याइतके रुंद नसलेले पान सोडून द्यावे.

आंब्याला ४ ते ७ महिने वयाचे, फांदीच्या मध्यभागातील पान घेतात. आंब्याचे पान जाड आणि गर्द असल्याने आकडे डाळिंबापेक्षा वेगळ्या पातळीवर येतील, आणि तसे ते आल्यास आश्चर्य वाटू देऊ नये. दोन फळपिकांचे आकडे एकाच तक्त्यात लिहूच नयेत.

द्राक्षवेल हे झाड नसले तरी नाशिकमध्ये हा प्रश्न विचारला जाणारच. खरड छाटणीनंतर (नव्या काड्या तयार करण्यासाठीच्या छाटणीनंतर) साधारण ४५ दिवसांनी, काडीत घडनिर्मिती होत असताना, बुडाकडून पाचव्या पानाचा देठ परीक्षणासाठी घेतला जातो. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर फुलोऱ्याच्या वेळी घडासमोरचे पान निवडतात. मीटरचा चिमटा त्याच पानांच्या पात्यावर, शिरांच्या मधल्या भागात लावावा. मात्र येथे एक खाच आहे, जी अनेक जाणत्या बागायतदारांच्याही नजरेतून सुटते: आपल्याकडचे अहवाल बहुधा देठाचे असतात आणि मीटर मोजते पाते. देठातील नत्र आणि पात्यातील नत्र यांच्या पातळ्या वेगळ्या असतात. द्राक्षात मीटरचा मेळ बसवायचा असेल तर नमुना देताना पात्यातील एकूण नत्र काढून मागावे.

प्रत्येक खूण केलेल्या झाडावर खांद्याच्या उंचीला, चारही दिशांची एकेक अशी चार पाने मोजावीत. १५ झाडांची ६० वाचने होतात. यंत्राच्या स्मृतीत एका वेळी ३० वाचने राहतात, म्हणून ३० वाचने झाली की थांबून सरासरी वहीत उतरवावी आणि स्मृती पुसून पुढे जावे. किडीने खाल्लेले, डाग पडलेले किंवा मुडपलेले पान चिमट्यात धरू नये. पानावर बोर्डो मिश्रणाचा निळसर-पांढरा थर असेल तर तो प्रकाशाच्या वाटेत येतो, तेव्हा ओल्या फडक्याने पान हलकेच पुसून, वाळू देऊन मग वाचन घ्यावे. फवारणीनंतर लगेच मोजणी ठेवू नये हे त्याहून सोपे.

वेळ आणि हवामान

दव उडाल्यानंतर, साधारण सकाळी ८ ते १० ही वेळ ठरवून घ्यावी आणि हंगामभर तीच पाळावी. पानातील हरितकण कडक उन्हात आपली जागा बदलून पेशींच्या बाजूंना सरकतात, आणि त्यामुळे हरितद्रव्य तेवढेच असूनही दुपारचे वाचन सकाळच्या वाचनापेक्षा वेगळे येऊ शकते. मोजताना सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे चिमटा आपल्या सावलीत राहतो. बाग ताणावर (बहारासाठी पाणी तोडलेली) असताना, पानगळीच्या काळात किंवा पाण्याची पाळी चुकून पाने मलूल झालेली असताना घेतलेली वाचने नत्राबद्दल काही सांगत नाहीत.

शक्य तर एका हंगामात एकाच माणसाने मोजावे. दोघांनी मोजायचेच असेल तर पहिल्या दिवशी दोघांनी तीच २० पाने मोजून आकडे जुळतात का, ते पाहावे.

संदर्भ ओळ आणि साधे गणित

डाळिंबाच्या भगवा वाणाला अमुक आकडा म्हणजे नत्र पुरेसे, असा तयार तक्ता हातात घेऊन खत ठरवण्याचा मोह होतो. वाण, जमीन, हंगाम आणि पानाचे वय बदलले की तो आकडा सरकतो, म्हणून आपल्याच प्लॉटमध्ये तुलनेसाठी एक संदर्भ ओळ राखून ठेवणे अधिक भरवशाचे असते. प्लॉटच्या प्रत्येक भागात सलग ७-८ झाडे निवडावीत आणि बहार धरल्यापासून त्यांना शिफारशीपेक्षा सुमारे चतुर्थांश जास्त नत्र द्यावे. पाणी, इतर खते आणि फवारण्या बाकी बागेसारख्याच ठेवाव्यात. या झाडांना नत्राची कमतरता नाही असे गृहीत धरून बाकी बागेचे वाचन त्यांच्याशी ताडून पाहायचे असते.

समजा संदर्भ झाडांची सरासरी ५२.४ आली आणि त्याच दिवशी, त्याच भागातील उरलेल्या बागेची ४८.६ आली. ४८.६ ला ५२.४ ने भागून १०० ने गुणले की ९२.७ हा निर्देशांक मिळतो. मक्यासारख्या हंगामी पिकांत हा निर्देशांक ९५ च्या खाली गेला की नत्र द्यावे, अशी पद्धत प्रचलित आहे. फळझाडाला तो नियम जसाच्या तसा लावू नये. मक्याचे रोप त्या हंगामातल्या जमिनीतील नत्रावर जगते; झाड मात्र खोडात, फांद्यांत आणि मुळांत नत्र साठवून ठेवते आणि नवी फूट बऱ्याच अंशी त्या साठ्यावर काढते. परिणामी, आज दिलेल्या खताचा रंग पानावर दिसायला वेळ लागतो, आणि पहिल्या बहारात संदर्भ ओळ व बाकी बाग यांत काहीच फरक न दिसणे हेही शक्य आहे. झाडाचे पोट आधीच्या हंगामाच्या साठ्याने भरलेले असावे, एवढाच त्याचा अर्थ. ९५ हा आकडा येथे खत टाकण्याचा हुकूम न समजता पुढची तपासणी करण्याची घंटा समजावी.

सरासरीसोबत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाचनही लिहून ठेवावे. सरासरी ठीक असूनही दोन टोकांतले अंतर प्रत्येक फेरीत वाढत असेल, तर बहुधा ठिबकचे ड्रिपर चोंदलेले असतात. खताचा हिशेब करण्याआधी लॅटरल (ड्रिपर असलेली ठिबकची नळी) तपासावी.

आकडा उतरला: कारण नत्रच आहे का

काही वर्षांपूर्वी चुनखडीच्या जमिनीतील एका डाळिंब प्लॉटवर माझे वाचन तीन आठवड्यांत बरेच खाली आले. मी ते सरळ नत्राच्या खात्यावर टाकले आणि दोन आठवडे ठिबकमधून युरिया सोडला. फूट जोरात वाढली, पण नवी पाने आधीपेक्षा पिवळी निघाली. मग फांदी हातात घेऊन नीट पाहिली तेव्हा लक्षात आले की शेंड्याच्या पानांत शिरा हिरव्या होत्या आणि त्यांच्यामधला भाग पिवळा पडला होता. कमतरता लोहाची होती, आणि मी युरिया देऊन झाडाची लोहाची भूक आणखी वाढवली होती. चूक सर्वस्वी माझी होती; मीटरने खरे तेच सांगितले होते की पान फिके आहे.

ही चूक मीटरच्याच मदतीने टाळता येते. नत्र झाडात सहज हलते, कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवते, म्हणून नत्राच्या कमतरतेत खालची, जुनी पाने आधी आणि सारख्या रंगाने फिकी होतात. लोह हलत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांत शिरांमधल्या पिवळेपणाने दिसते. मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांत, पण शिरांच्या मधे दिसते. तेव्हा निर्देशांक उतरल्यावर त्याच झाडांवर फांदीच्या बुडाची १० पाने आणि शेंड्याजवळची, पण पूर्ण उलगडलेली १० पाने वेगळी मोजावीत आणि संदर्भ ओळीतील झाडांवरही तसेच करावे. संदर्भ झाडांच्या तुलनेत बुडाच्या पानांत घसरण जास्त असेल तर संशय नत्रावर, शेंड्याच्या पानांत जास्त असेल तर लोहावर घ्यावा. लोहाचा संशय पक्का करण्यासाठी एक फांदी निवडून तिच्यावर फेरस सल्फेटचे अर्ध्या टक्क्याचे द्रावण फवारावे आणि आठ-दहा दिवसांनी तीच पाने पुन्हा मोजावीत. तेवढी फांदी हिरवी झाली तर उत्तर मिळाले. चुनखडीच्या जमिनीतून लोह द्यायचे असल्यास ईडीडीएचए रूपातील चिलेट (लोह विरघळलेले ठेवणारे संयुग) घ्यावे; ईडीटीए रूपातील लोह जास्त सामूच्या (पीएचच्या) जमिनीत टिकत नाही.

याशिवाय मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असणे, आळ्यात पाणी साचून मुळे गुदमरणे, वाफसा (मातीत ओलावा आणि हवा यांचा मेळ) नसणे यांनीही पाने फिकी होतात. अशा वेळी जमिनीत नत्र असूनही झाड ते उचलू शकत नाही. एका झाडाच्या आळ्यात कुदळीने थोडे उकरून पांढरी मुळे दिसतात का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि युरियाच्या गोणीपेक्षा ती पाच मिनिटे स्वस्त आहेत.

प्रयोगशाळेशी मेळ

मीटरच्या आकड्याला नत्राच्या टक्केवारीचा अर्थ द्यायचा असेल तर तीच पाने प्रयोगशाळेत गेली पाहिजेत. ज्या ६० पानांवर चिमटा लावला तीच देठासह तोडावीत, साध्या पाण्याने धूळ धुऊन सावलीत निथळू द्यावीत, कागदी पिशवीत भरावीत आणि पिशवीवर प्लॉट, तारीख व मीटरची सरासरी लिहून त्याच दिवशी पोहोचवावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजून सडू लागतात. प्रयोगशाळेत नत्र बहुधा केल्डाल पद्धतीने काढले जाते. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने ती १८८३ मध्ये मांडली आणि आजही तिच्यावर विश्वास ठेवला जातो.

एका नमुन्यावरून काहीच ठरत नाही. गटातील वेगवेगळ्या बागांमधून, एकाच वाणाच्या आणि एकाच अवस्थेतील १२ ते १५ जोड्या जमवाव्यात. त्यांत फिकी, मध्यम आणि गर्द अशा सर्व प्रकारच्या बागा असाव्यात. मग आलेखकागदावर किंवा मोबाईलवरच्या एक्सेलमध्ये आडव्या अक्षावर मीटरची सरासरी आणि उभ्या अक्षावर नत्राची टक्केवारी मांडावी. ठिपके साधारण एका तिरप्या रेषेभोवती जमले तर ती रेषा आपल्या गटाची मोजपट्टी झाली. ठिपके विखुरले तर पानाची निवड, वेळ किंवा बागांचे मिश्रण यांत कोठेतरी घोळ आहे. त्या आलेखावरून खत ठरवू नये. रेषा उजवीकडे आडवी होत जाते असेही दिसेल. ज्या आकड्यापासून ती आडवी होते, त्याच्या पुढे मीटरचे म्हणणे ऐकण्यात अर्थ नाही. तेथे फुटीची लांब पेरे आणि दाट सावली पाहून आणि प्रयोगशाळेचा अहवाल वाचूनच अतिरेक ओळखावा.

इगतपुरीकडे भातासाठी वापरला जाणारा पानरंग तक्ता फळबागेत चालेल का, असेही विचारले जाते. त्यावरच्या हिरव्या छटा भाताच्या पानावरून ठरवलेल्या आहेत, तेव्हा डाळिंबाला तो लावू नये.

खत देताना

कारण नत्रच आहे याची खात्री झाली की सबंध मात्रा एकदम न देता ठिबकमधून लहान हप्त्यांत द्यावी. युरियात ४६ टक्के नत्र असते, म्हणजे १ किलो नत्रासाठी सुमारे २.१७ किलो युरिया लागतो; कॅल्शियम नायट्रेटमध्ये १५.५ टक्के असते, म्हणून तेवढ्याच नत्रासाठी त्याचे सुमारे ६.४५ किलो लागतात. एकूण मात्रा किती असावी हे मीटर सांगत नाही. त्यासाठी माती परीक्षणाचा अहवाल आणि झाडाच्या वयानुसारची शिफारस समोर ठेवावी. डाळिंबासाठी सोलापूरचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि द्राक्षासाठी पुण्याजवळील मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांच्या शिफारशी पाहाव्यात. पहिल्या हप्त्यानंतर १२ ते १५ दिवस थांबून पुन्हा मोजावे आणि मगच पुढचा हप्ता ठरवावा.

अवस्था पाहूनच हात सैल सोडावा. द्राक्षात खरड छाटणीनंतर घडनिर्मितीच्या काळात नत्र जास्त झाले की वेलीचा जोर पानांकडे जातो, कॅनॉपीत (वेलीच्या पानांच्या छतात) सावली दाटते आणि काडीतील घडांची संख्या घटते. डाळिंबात फळ रंगावर येताना दिलेले नत्र नवी फूट काढते आणि रंग लांबवते. या काळात निर्देशांक थोडा उतरलेला असला तरी ठिबकची खतटाकी रिकामी ठेवणेच योग्य.

आंबे बहारासाठी वेळापत्रक साधारण असे बसते: फुलोऱ्यानंतर आठवी जोडी पूर्ण पक्व झाली की पहिली फेरी घ्यावी, एप्रिलमधील फेरीची पाने प्रयोगशाळेत पाठवावीत, त्यानंतर दर १५ दिवसांनी मोजत राहून फळाने पूर्ण आकार घेतला की मोजणी बंद करावी. शेवटच्या फेरीचे आकडे वहीत उतरवून झाले की यंत्रातील दोन्ही बॅटऱ्या काढाव्यात, चिमट्याची काच पुसावी आणि यंत्र औषधांच्या खोलीत न ठेवता घरातल्या कोरड्या कपाटात ठेवावे.